एदलाबादचं पाकीट

गेल्या शनिवारी मुक्ताईनगरला मामांकडे होतो. भरीत-पुरी हाणून ओट्यावर लॅपटॉप उघडला, कारण आदल्या रात्री माझ्याच कोडने घोळ घातला होता. व्यवस्थित पोचलेला प्रत्येक एसएमएस ‘फसला’ समजून तो लोकांना पुन्हा पुन्हा पाठवत सुटला होता. एरर कुठेच नाही, तरी ‘एरर निल आहे का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’!

कोड गो भाषेतला. ग्रीसमर, पाइक आणि थॉम्पसन या तिघांनी २००७ मध्ये गूगलमध्ये ती आखायला घेतली, नोव्हेंबर २००९ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. (गंमत म्हणजे, १९६५ मध्ये ‘नल’ जन्माला घालणाऱ्या टोनी होअर यांनी ती आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं २००९ मध्येच जाहीर सांगितलं. गो आली ती निल घेऊनच!)

गोमध्ये इंटरफेसच्या व्हेरिएबलला दोन कप्पे असतात. एकात टाइप, दुसऱ्यात डेटा. पूर्वी साधा आकडा दुसऱ्या कप्प्यात थेट मावायचा. पण तिथे आकडा आहे की पत्ता, या भानगडीने गार्बेज कलेक्टरची पंचाईत व्हायची. म्हणून डिसेंबर २०१४ च्या १.४ आवृत्तीपासून तिथे कायम पॉइंटरच.

हे विसरून मी इंटरफेसलाच आणखी एक पॉइंटर लावून बघितला. कंपायलर खेकसला. बरोबरच होतं. मेथड्स इंटरफेसच्या, त्याच्या पॉइंटरच्या नव्हेत. इंटरफेसला पॉइंटर कधी लावावा, याचं गोच्या अधिकृत एफएक्यूतलं उत्तरही ‘जवळजवळ कधीच नाही’ असंच आहे.

मामा पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना दोन कप्पे समजावले, तर म्हणाले, “अरे, गावाचं नाव बदललं तरी ‘एदलाबाद’ लिहिलेली पत्रं यायची, आम्ही पोचवायचो. पण पाकिटावर नुसतं एदलाबाद, बाकी काहीच नाही, तर ते कोरं म्हणशील का?”

हात्तिच्या! माझ्या फंक्शनमधून माझ्याच एरर टाइपचा निल पॉइंटर परत येत होता. पहिल्या कप्प्यात टाइप, दुसरा रिकामा. निल ठरायला दोन्ही रिकामे हवेत. तिथे नुसतं निल परत केलं, एका ओळीत काम झालं.

मग लोकांना माफीचा मेसेज पाठवला. तो तरी एकदाच जातोय ना, हे बघायला मामा शेजारी चष्मा लावून बसले होते.