हॉबी १६ ची डोलकाठी शर्यतीसाठी लावताना

मुलांना घेऊन कॅटमरानच्या शर्यतीत उतरणाऱ्या मंडळींसाठी. डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे बघाच. धातूची काठी लागून माणसे दगावली आहेत.

जोराच्या वाऱ्यात हॉबी १६ चे नाक पाण्यात घुसून नाव कोलांटी खाते, म्हणून डोलकाठी मागे कलती ठेवतात. पुढची तार लांबवा, बाजूच्या तारा आखूड करा, दोन्हीकडे भोके मोजून सारख्या. खरा ताण येतो तो जिबच्या, म्हणजे पुढच्या लहान शिडाच्या, दोरीने. तो कमी पडला तर त्या शिडाची पुढची कड वाकते आणि नाव वाऱ्याकडे नीट चढत नाही. कल फार झाला तर मोठ्या शिडाच्या दोरीच्या कप्प्या एकमेकींना टेकतात, शीड पुरते आवळत नाही. सुकाणू जड लागले तर त्याचे पाते थोडे पुढे कलवून पाहा.