कोहंगा रेओ
न्यूझीलंडमधील माओरी भाषेतून चालणारी पूर्णवेळ बालसंगोपन केंद्रे. पहिले केंद्र १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळील वाइनुइओमाता येथे सुरू झाले.

शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या पिढीने आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलणे पसंत केले. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबे शहरांकडे गेली आणि १९७० च्या दशकात अस्खलित बोलणारे बहुतेक वयस्करच उरले. म्हणून आजी-आजोबांची भाषा थेट नातवंडांना द्यावी, असा विचार पुढे आला. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले दिवसभर येथे असतात. प्रार्थना, गाणी, जेवण, दुपारची झोप, रुसवेफुगवेसुद्धा माओरीतच. धडा असा वेगळा नसतो. कारभार ‘फानाउ’ म्हणजे विस्तारित कुटुंब पाहते. हिशेबापासून स्वयंपाकापर्यंत पालकांचा हात लागतो. अनेक आईबाप तर मुलांच्या बरोबरीनेच भाषा शिकले. चळवळीचे खरे बळ इथेच दिसते.

१९९३ पर्यंत केंद्रे ८०० च्या वर आणि मुले १४,००० हून अधिक झाली. १९९० मध्ये मात्र केंद्रे शिक्षण मंत्रालयाकडे गेली होती. तिथले बालवाडीचे निकष आजीच्या मांडीला लावणे अवघडच. पुढे संख्या घटत गेली. सरकारी धोरणाने माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातील वाइतांगी कराराचा भंग झाल्याचा निष्कर्ष वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये काढला. कोहंगा रेओच्याच धर्तीवर हवाई बेटांवर १९८४ पासून ‘पूनाना लेओ’ शाळा सुरू झाल्या.