लीलावतीतील मोडलेला वेळू

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे नाव निघाले की आपल्याला आठवते ती घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची आणि हुकलेल्या लग्नमुहूर्ताची करुण कथा. ग्रंथ ११५० चा. कथा मात्र फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादातून पसरली. तिच्या झळाळीत मूळ गणित झाकोळले गेले.

त्यातील वेळूचे उदाहरण पाहावे. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? काटकोन त्रिकोणाचा भुज तेवढा ठाऊक आहे. कोटी आणि कर्ण यांची केवळ बेरीज हाती आहे. भुजाचा वर्ग २५६. कर्ण आणि कोटी यांच्या वर्गांतील अंतरही तेवढेच, आणि ते म्हणजे त्यांची बेरीज गुणिले त्यांचे अंतर. म्हणून २५६ ला ३२ ने भागले की अंतर येते ८. कोटी १२, कर्ण २०. वर्गमूळ काढण्याची गरजच उरत नाही.

चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. नातवाला जपावीशी वाटली ती विद्या. आपण मात्र मोती जपत राहिलो.