उजेडालाही पडदा लागतो

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत आपण 'छायाचित्र' म्हणतो, म्हणजे सावलीनं काढलेलं चित्र. 'फोटोग्राफी' या शब्दाचं ग्रीक मूळ पाहिलं तर अर्थ निघतो प्रकाशानं केलेलं लेखन. उर्दूत याच कलेला 'अक्कासी' म्हणतात. 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब. एकाच गोष्टीकडे तीन भाषांनी तीन बाजूंनी पाहिलं. कविता लिहिणाऱ्या माणसाला अशा शब्दांचा नाद असतोच. पण फोटो स्टुडिओचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की हे तिन्ही शब्द त्या धंद्यातली तीन कामं सांगतात. उजेड कुठून आणायचा, सावली कुठं राहू द्यायची आणि कापडावरून किंवा भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला द्यायचा.

कॅमेऱ्याचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे, दिव्यांचाही. दिवा आणि चेहरा यांच्यामध्ये जो पडदा, जी छत्री, जो कागद असतो त्याच्याविषयी मात्र फारसं बोललं जात नाही. माणूस फोटोत कसा दिसणार हे पुष्कळदा तोच ठरवतो. आज बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९मध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. त्या काळची पत्र्याची पाटी फार मंद होती. चेहरा उमटायला माणसाला उन्हात कितीतरी वेळ निश्चल बसावं लागे. मान हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी चिमटा लावत. लंडनमध्ये रिचर्ड बिअर्ड यानं १८४१ साली पॉलिटेक्निक संस्थेच्या इमारतीवर, अगदी छपराशी, स्टुडिओ थाटला. वरून उजेड यावा म्हणून काच बसवली, आणि ती निळी बसवली. ही नुसती हौस नव्हती. त्या पाटीला फक्त निळा-जांभळा उजेड 'दिसत' असे. तांबडा-पिवळा उजेड तिच्या काही उपयोगाचा नव्हता, समोर बसलेल्याचे डोळे मात्र तो दिपवून टाकी. निळ्या काचेतून कामाचा उजेड आत येई आणि डोळ्यांना जाच कमी होई. पोर्ट्रेटच्या इतिहासातला हा अगदी सुरुवातीचा 'पडदा' म्हणता येईल.

पाटीच्या या स्वभावाचा परिणाम दूरवर पोहोचला. जिला तांबूस रंग दिसत नाही, तिला गव्हाळ आणि सावळी त्वचा आहे त्याहून काळी दिसणार. १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यानं पाटीत रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्या रंगाची दृष्टी दिली. तांबड्यासकट सगळे रंग ओळखणाऱ्या पाट्या बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंवरून आपल्या पूर्वजांचा वर्ण ठरवायला जाऊ नये.

पुढं काचघरांचा जमाना आला. स्टुडिओ वरच्या मजल्यावर, छपराचा एक उतार आणि एक बाजू काचेची, आणि तोंड उत्तरेला. युरोपात सूर्य वर्षभर दक्षिणेकडून जातो. त्यामुळं उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा शांत उजेड येतो. चित्रकारांना हे आधीपासून ठाऊक होतं. काचेखाली तारांवर कड्यांनी पडदे अडकवलेले असत, काही पांढऱ्या मलमलीचे, काही गडद. नुसता माथ्यावरून उजेड आला तर डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात आणि नाकाखाली सावली साचते. मग वरचा पडदा ओढायचा, बाजूचा सारायचा. एक गाल फारच काळवंडला तर त्या बाजूला पांढरं कापड ताणलेली चौकट उभी करायची. जुन्या काळचा फोटोग्राफर ही दोऱ्यांची आणि काठ्यांची कसरत करूनच मग कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत असे.

हे तंत्र मुंबईत आलं तेव्हा सूर्यानं थोडी पंचाईत केली. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथं दुपारचा सूर्य डोक्यावरूनही किंचित उत्तरेला सरकतो. लंडनचं गणित तेवढ्या दिवसांपुरतं इथं चालत नाही, पडद्यावरच भिस्त ठेवावी लागते. सुदैवानं त्यातला निम्मा काळ पावसाळ्याचा. ढगांनी भरलेलं आभाळ म्हणजे निसर्गानं टांगलेली मलमलच. एवढा मोठा पडदा कुठल्याच स्टुडिओला परवडणार नाही.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेऱ्याकडे वळलेले लाला दीनदयाळ पुढं हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले, 'मुसव्विर जंग' हा किताब त्यांना मिळाला आणि १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला.

दीनदयाळ यांची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला, फक्त स्त्रियांसाठी. तो चालवायला केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाई नेमल्या. परक्या पुरुषासमोर चेहरा न उघडणाऱ्या स्त्रिया तिथं येऊन बसू शकत होत्या. आमच्याकडे 'पडदा' म्हटलं की एकच अर्थ आधी डोळ्यांसमोर येतो. इथं दोन पडदे समोरासमोर आले. एक बाईनं बाजूला केला आणि दुसरा, उजेडाचा, दुसऱ्या बाईनं तिच्यासाठी नीट केला. उजेड कसा पडावा हे ठरवणारा हात कोणाचा आहे, यावर समोरच्याचा चेहरा किती मोकळा होतो हे अवलंबून असतं. सव्वाशे वर्षांपूर्वी हे त्या स्टुडिओला कळलं होतं.

उजेड कमी करण्याचं धाडसही एका बाईनंच दाखवलं. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचा जन्म १८१५चा, कोलकात्याचा. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर तिनं कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. इतर स्टुडिओ चेहरा सगळीकडून उजळत असताना तिनं पडदे ओढून बहुतेक उजेड बाहेरच ठेवला आणि एका बाजूनं येईल तेवढाच घेतला. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याचा तिनं १८६७ साली काढलेला फोटो पाहावा. अंधारातून वर आलेला म्हातारा चेहरा, विस्कटलेले पांढरे केस आणि सुरकुत्यांत साठलेलं आयुष्य. चारही बाजूंनी उजेड दिला असता तर तो फक्त एक वृद्ध गृहस्थ दिसला असता.

मग उजेडासाठी सूर्यावर अवलंबून राहण्याचे दिवस सरत गेले. १८६४च्या सुमारास मॅग्नेशियमची तार जाळून फोटो काढू लागले. १८७७ साली लंडनमध्ये व्हान डर वाइड यानं विजेच्या दिव्यावर चालणारा स्टुडिओ उघडला. १८८७ साली जर्मनीत फ्लॅशची पूड निघाली. ती उडाली की लख्ख उजेड, पाठोपाठ धुराचा लोट. १९३०च्या आसपास काचेचे फ्लॅशबल्ब आले, नंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. दिवा दर वेळी जास्त प्रखर होत गेला आणि जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला: या उजेडाला सौम्य कसं करायचं?

उत्तर साधं आहे, पण त्याबद्दल गैरसमज पुष्कळ. दिव्यावर कापड टाकलं की उजेड मऊ होतो असं आपण समजतो. तसं होतंच असं नाही. उजेडाचा मऊपणा ठरतो तो चेहऱ्याच्या जागेवरून उजेडाचं उगमस्थान केवढं मोठं दिसतं त्यावर. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आपल्याला तो आभाळातला छोटा ठिपका दिसतो. म्हणून उन्हातली सावली सुरीसारखी धारदार. तोच सूर्य ढगाआड गेला की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावलीची कड विरघळते. बल्बला चिकटवलेला कागद बल्बएवढाच राहतो, उजेड फक्त मंद करतो. तोच कागद मोठ्या चौकटीवर ताणून दिव्यापासून दूर आणि चेहऱ्याजवळ आणला, की काम झालं. मीटरभराची छत्री चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर मऊ उजेड देते. तीच चार मीटर मागं नेली तर ती लहान दिवा होते.

आजच्या स्टुडिओतली अवजारं याच हिशेबानं निवडतात. पांढरी छत्री स्वस्त आणि सोपी, पण तिचा उजेड खोलीभर सांडतो, भिंतीवर आपटून परत येतो. सॉफ्टबॉक्स चारही बाजूंनी बंद, पुढं पांढरं कापड. तो खिडकीसारखा वागतो आणि उजेड आपल्या हद्दीत ठेवतो. त्याच्यावर जाळी बसवली की उजेड आणखी शिस्तीत येतो, मागची भिंत अंधारात राहते. ब्यूटी डिश म्हणजे मधोमध झाकण असलेलं पसरट ताट. तिचा उजेड छत्रीपेक्षा कडक आणि उघड्या दिव्यापेक्षा नरम, गालाची हाडं उठून दिसतात. चंदेरी अस्तर उजेड चकचकीत करतं, पांढरं अस्तर त्याला निवांत करतं. चष्मा असेल तर सॉफ्टबॉक्सचा चौकोन काचेत उमटतो, तेव्हा दिवा वर घ्यावा लागतो. सिनेमावाल्यांची यासाठी आपली भाषा आहे. उजेड अडवणारा तो 'कटर', गाळणारी कापडी चौकट ती 'स्किमर', आणि उजेड परतवायला आपलं थर्माकोल.

सिनेमाचं नाव निघालं म्हणून दोन भारतीय माणसांची आठवण द्यायलाच हवी. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (१९५६) काशीतल्या घराचा चौक कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला होता, कारण पावसाळ्याची भीती. चौकात वरून येतो तो आभाळाचा, सावली न टाकणारा उजेड. तो दिव्यांनी कसा आणायचा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून वर, त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला उजेड खाली आला आणि चौकाला आभाळ मिळालं. 'कागज के फूल'मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्ती यांनी उलटा विचार केला. त्यांना अंधाऱ्या स्टुडिओत उन्हाचा एक सरळ झोत हवा होता. त्यांनी मोठे आरसे लावून खरं ऊनच आत वळवलं. एकानं दिव्याचं आभाळ केलं, दुसऱ्यानं सूर्याचा दिवा केला. कापड आणि आरसा एवढंच दोघांचं भांडवल.

आता जरा अवघड विषय. आपल्याकडे स्टुडिओतला उजेड बराच काळ माणसाला गोरं करण्याच्या कामाला जुंपला गेला. मुलगी दाखवायचा फोटो म्हटला की तोंडावर पावडर, समोरून दोन मोठे दिवे आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिल. चेहरा सपाट झाला तरी चालेल, पण उजळ हवा. परदेशातल्या रंगीत फिल्मही यात निर्दोष नव्हत्या. प्रयोगशाळांत रंग जुळवायला वापरत त्या 'शर्ली कार्डां'वर कितीतरी वर्षं गोरी स्त्रीच असे. सावळ्या त्वचेला जास्त उजेड लागतो असं नाही, वेगळा लागतो. तिचं सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या चमकेत असतं. लहान दिवा समोरून मारला तर कपाळावर पांढरा डाग पडतो. मोठी पांढरी चौकट बाजूनं जवळ आणली, की तीच चमक गालावरून सावकाश उतरते. गोरं न करताही चेहरा उजळतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं होतं. १९८२ साली माझी दादी हजला निघाली तेव्हा कागदपत्रांसाठी फोटो लागणार होता. तोवर तिनं एकही फोटो काढला नव्हता. तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता, तिथं तिला घेऊन गेलो. दोन दिवे पेटले तसे तिनं डोळे मिटून घेतले. फोटोग्राफरकाका जरा थांबले. त्यांनी दिवे बंद केले, खुर्ची खिडकीपाशी नेली, खिडकीवर आपलं धुतलेलं धोतर टांगलं आणि माझ्या हातात पांढरा पुठ्ठा देऊन म्हणाले, ''आजीच्या या बाजूला धर. हलू नकोस.'' दादीनं डोळे उघडले. तिचा तेवढाच एक फोटो आहे. त्यात ती सावळी आहे, सुरकुत्या मोजता येतात आणि ती कोणाला घाबरलेली नाही.

आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे. पुष्कळ फोन विचारल्याशिवायच त्वचा गुळगुळीत करतात, उजळही करतात. जुन्या स्टुडिओतली पेन्सिल आता फोनच्या आत बसली आहे. ती बंद करण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती शोधून काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढायचा असेल तर फ्लॅश लावू नका, ट्यूबलाइटखालीही बसवू नका. दिवसा, ऊन थेट येत नसेल अशा खिडकीजवळ त्यांना बसवा. येत असेल तर पांढरी चादर टांगा. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरायला घरातल्या लहान मुलाला उभं करा, म्हणजे त्यालाही आपल्या माणसाकडे निरखून पाहण्याची सवय लागेल. आणि घाई करू नका. त्यांचे डोळे उजेडाला सरावू द्या, मगच बटण दाबा.