बोअरचं पाणी, धरणाचं पाणी

स्मरणिकेत पाण्यावर लेख कशाला, असं नव्या सभासदांना वाटेल. पण आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास इतिवृत्ताच्या वहीत जेवढा सापडतो, तेवढाच तो जुन्या बिऱ्हाडांच्या बाथरूममधल्या टाइल्सवरही सापडतो. घासून घासून न गेलेला तो पांढरा थर म्हणजे आपल्या पहिल्या वीस वर्षांची नोंदच आहे.

आपण राहतो खडकवासल्याच्या अगदी जवळ. गच्चीवरून पावसाळ्यात धरणाच्या बाजूचे ढग दिसतात. मुठा उजवा कालवा याच सिंहगड रस्त्याच्या बाजूने शहराकडे जातो. धरणाचं पाणी आपल्या उशापायथ्याने वाहत होतं आणि आपण मात्र बोअरचं आणि टँकरचं पाणी पीत होतो! कारण साधं होतं. गाव तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होतं.

पुण्याचं पाणी पूर्वीपासून बाहेरूनच आलेलं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात पाणी आणलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं त्या योजनेतली. पुढे इंग्रजी अमदानीत कॅप्टन फाइफ यांच्या योजनेप्रमाणे खडकवासल्याचं धरण झालं. त्या जलाशयाला बरीच वर्षं ‘लेक फाइफ’ म्हणत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खडकवासल्यालाही भगदाड पडलं. ती दोन्ही धरणं पुन्हा उभी राहिली. नंतर वरसगाव आणि टेमघर आली. आज या चार धरणांवर पुणं जगतं.

या पाण्याचा मोठा गुण म्हणजे ते मवाळ आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस लगेच ओढ्या-नद्यांतून धरणात येतो, खडकाशी त्याची फारशी ओळख होत नाही. बोअरचं पाणी उलट. ते काळ्या कातळाच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत, म्हणजे साबणाला फेस न देणारं. आपल्याकडे सगळे ‘जड पाणी’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

२००० साली राहायला आलेल्या बिऱ्हाडांना हा धडा स्वयंपाकघरात मिळाला. पेठेतल्या घरी तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ इथे पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली यायची. मग कुणी चिमूटभर सोडा घाल, कुणी पिण्याबरोबर डाळीसाठीही शहरातून येताना कॅन भरून आण, असं सुरू झालं. चहावर साय नसलेली एक तवंगासारखी पापडी यायची. गीझरची कॉइल वर्ष-दीड वर्षात जायची. प्लंबर ती काढून दाखवायचा तेव्हा चुनखडीचा दांडा हातात धरल्यासारखं वाटायचं. तुरटी फिरवण्याचा प्रयोगही झाला. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार तसेच राहतात, हे कळेपर्यंत एक उन्हाळा गेला. एका मावशींनी तर सोसायटीतली धुण्याची कामं सोडली, कारण साबण संपतो आणि कपडे पिवळे ते पिवळेच. त्यांचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आपलं बोअर या दोन आकड्यांच्या मधलं. म्हणजे विष नव्हे, पण सुखही नव्हे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की चव आणखी मचूळ व्हायची आणि टँकर सुरू व्हायचे. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, हे विचारायची सोय नसे.

जून २०२१ मध्ये परिसरातली गावं महापालिकेत आली. पुढे नळाला धरणाचं पाणी आलं, तेव्हा पहिली बातमी साबणाने दिली: बादलीभर फेस! आता दोन्ही पाणी खालच्या टाकीत एकत्र होतं. किती कॉर्पोरेशनचं आणि किती बोअरचं, हे आठवड्यागणिक बदलतं.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची. पण मवाळ म्हणजे शुद्ध, अशी एक समजूत आपल्यात रुजली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती मोडली. गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले, आणि त्यातले बरेच आपल्याच पट्ट्यातले, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागातले होते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू मिळाला. परिसरातल्या काही खासगी आरओ केंद्रांना टाळंही लागलं. त्या आठवड्यांत घरोघर पातेली उकळत होती आणि सोसायटीच्या ग्रुपवर टीडीएस मीटरचे फोटो फिरत होते. ‘आमचं फक्त ९०, काळजी नको.’ पण टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. जंतूंसाठी पाहायचं ते क्लोरिन. मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवं.

आरओचंही तसंच. जड पाण्याच्या दिवसांत बसवलेली यंत्रं आजही निम्म्याहून अधिक घरांत चालू आहेत आणि मवाळ पाण्यातले थोडेसे क्षारही काढून, बरंच पाणी मोरीत सोडतायत. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. माझ्या मते, बोअर वेगळं काढलं तर आपल्याला साधा यूव्ही फिल्टर पुरेल. पण बोअर वेगळं काढायचं तर दुसरी लाइन टाकावी लागेल, आणि तो खर्च गेल्या दोन वार्षिक सभांत ‘पुढच्या सभेत पाहू’वर थांबलाय.

सध्या झालंय ते एवढंच. पंपाच्या खोलीत एक वही टांगली आहे. टाकी कधी धुतली, टँकर कुठून आला आणि क्लोरिनच्या थेंबांनी पाणी किती पिवळं झालं, हे वॉचमनकाका रोज सकाळी त्यात लिहितात. बोअर किती वेळ चालवलं, हा रकाना नंतर पेनने आखून वाढवला आहे.