‘इफ’ची उलटी ‘फि’

युनिक्सच्या शेलमध्ये स्क्रिप्ट लिहू लागलेल्याला हमखास बुचकळ्यात टाकणारा शब्द म्हणजे ‘फि’. तो इंग्रजी कोशात शोधून उपयोग नाही. ‘इफ’मधली आय आणि एफ ही अक्षरं उलटी मांडली की ‘फि’ होते, आणि अट इथे संपली एवढंच ती सांगते. ‘केस’ बंद करणारा ‘इसॅक’ही याच घडणीचा.

हा निव्वळ चावटपणा वाटेल; पण त्यामागे जुना घोळ आहे. ‘पाऊस आला तर, छत्री असली तर बाहेर जा, नाहीतर घरी थांब.’ यातलं ‘नाहीतर’ कोणाचं, पावसाचं की छत्रीचं? बोलताना आपण आवाजाच्या चढउतारावर निभावून नेतो. यंत्राला ती सोय नाही. प्रोग्रामर याला लोंबकळता ‘एल्स’ म्हणतात. सी भाषेने नियम करून टाकला, की ‘एल्स’ सर्वांत जवळच्या ‘इफ’चा. आद्रियान व्हान वाइनगार्डन आणि सहकाऱ्यांच्या अल्गोल 68 या भाषेने प्रत्येक ‘इफ’ला स्वतःचा समाप्तिशब्दच दिला. ‘फि’ आली की अट संपली. वादाला जागा उरली नाही.

स्टीफन बोर्न यांनी केंब्रिजमध्ये अल्गोल 68 च्या कंपायलरवर काम केलं होतं. पुढे बेल लॅब्जमध्ये त्यांनी लिहिलेला शेल 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला, आणि त्यातून ‘फि’ जगभर पोचली. ही रीत त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली, की शेलचा सी भाषेतला कोडसुद्धा त्यांनी मॅक्रो रचून अल्गोलसारखा दिसेल असा लिहिला.

एका ठिकाणी मात्र त्यांना थांबावं लागलं. अल्गोलमध्ये ‘डू’चा शेवट होतो उलट्या अक्षरांच्या ‘ऑड’ने. पण ओ-डी या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती. फाइलमधले बाइट अष्टमान अंकांत दाखवणारी ती ‘ऑक्टल डम्प’. म्हणून शेलमध्ये ‘डू’ संपतो तो ‘डन’ या सरळ शब्दाने. 1989 साली आलेल्या बॅश या शेलनेही ‘फि’, ‘इसॅक’ आणि ‘डन’ हे तिन्ही शब्द जसेच्या तसे ठेवले.

नवी आज्ञाभाषा रचणाऱ्याने शब्दाचं रूप नंतर न्याहाळावं. अट कुठे संपते हे तो सांगतो का आणि ते नाव मोकळं आहे का, हे आधी पाहावं.