अनिश्चिततेतील वायुजाल इष्टतमीकरण

नैसर्गिक वायूची मागणी व पुरवठा नेमका माहीत नसताना नळमार्गांचे जाळे सुरक्षितपणे आणि कमीत कमी खर्चात चालविण्यासाठी वापरली जाणारी गणितीय पद्धती. कॉम्प्रेसर व झडपा कशा चालवाव्यात, हा तिचा मुख्य प्रश्न होय.

आडव्या नळीतील स्थिर प्रवाहासाठी दोन टोकांवरील दाबांच्या वर्गांतील फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे समीकरणे अरेषीय बनतात. झडप उघडी की बंद, या निर्णयासाठी पूर्णांकी चलेही लागतात. मागणी मुख्यतः तापमानावर अवलंबून असते; थंडीत ती झपाट्याने वाढते.

अनिश्चितता हाताळण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. चार्न्स व कूपर यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या संभाव्यता-निर्बंध पद्धतीत दाबाच्या मर्यादा ठरावीक, उदा. ९५ टक्के, संभाव्यतेने पाळल्या जाव्यात अशी अट असते. मजबूत इष्टतमीकरणात संभाव्यता वितरण गृहीत न धरता ठरविलेल्या कक्षेतील प्रत्येक परिस्थितीत निर्णय टिकावा लागतो. त्याचा आरंभ सॉयस्टर यांच्या १९७३ मधील कार्यात दिसतो. पहिल्या मार्गात काही धोका पत्करला जातो, तर दुसऱ्यात खर्च वाढतो.

जर्मनीत या विषयावर सखोल संशोधन झाले आहे. तेथे २०१४ मध्ये एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांचा संयुक्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. ‘गॅसलिब’ या खुल्या विदासंचातील नमुना जाळ्यांवर नव्या पद्धती पडताळता येतात.